पवळ्याचं दावं

बहात्तर सालचा दुष्काळ. जळकोटच्या शिवारात गवताची काडी न्हवती, म्हणून सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडलेली. तिथं आमचा पवळ्या बैल मागल्या डाव्या पायानं अडला. पाऊल टाकाया गेला की पाय मागंच ताठ व्हायचा, खूर मातीत घासत यायचा, मग झटका बसून सुटायचा. दुष्काळात तेरावा महिना म्हंत्यात तो ह्योच.

माझा दीर सिदू विळा तापवून दोनदा डागून गेला.

"भावजी, पाय तर सुटला न्हाय, निस्तं कातडं जाळलंत," म्या तोंडावर सुनावलं.

"वहिनी, बापजाद्यापासनं चालत आलंय हे."

मग बापजाद्यांची लंगडी जनावरं काय नाचत व्हती का? पर बाईमाणसाचं ऐकतंय कोण!

शेवटी आमच्या मालकांनी, आबारावांनी, दलाल बोलावला. लंगडा बैल दलालाकडनं खाटकाकडंच जाणार, ते समद्यांना ठाव व्हतं. पवळ्याची आय ह्येला चार दिसाचा टाकून मेली. म्या बोट चोखवून चोखवून दुधावर वाढवला ह्येला.

आमच्याकडं विकल्या जनावराचं दावं देत न्हाईत. दाव्यासंगं घरची बरकत जाती. दलालानं आपलं नवं दावं बांधलं, अन् आबारावांनी जुनं सोडून बगलंत मारलं. तेवढ्यात गुरांचे डॉक्टर पंचाक्षरी लस टोचाया सायकलवर आले. पवळ्याला ओढताना बघून तिथंच उतरले.

"कुठं नेताय ह्याला?"

"लंगडा हाय, सायेब," आबाराव खाली बघत म्हणाले.

"लंगडा नाही, अडकलाय. गुडघ्याची वाटी वर चढून बसते अन् ही एक शीर तिला खाली येऊ देत नाही. ती तोडली की झालं."

"शीर तोडल्यावर चालंल कशानं?" म्या वरडले. "पाय फाडणार व्हय तुमी त्येचा?"

"नाही हो मावशी. ज्वारीच्या दाण्याएवढं भोक. बघा तरी."

दलाल कुरकुरला, पर थांबला. त्याच्याच नव्या दाव्यानं पवळ्याला पाडला. डॉक्टरांनी भुलीची सुई दिली, डोळं मिटून बोटानं गुडघा चाचपला, अन् बारीक सुरीचं टोक कातड्याखाली सरकावलं. आतून कट्ट असा आवाज आला. रगताचा एक थेंब. बास!

"सोडा," डॉक्टर म्हणाले.

पवळ्या उठला. पाय उचलला, वाकवला, टेकला. परत उचलला. अगं बाई! खूर घासला न्हाय की झटका बसला न्हाय. सिदूनं तर टोपीच काढली. म्हातारे तात्याराव धोतर वर करून, आपला गुडघा पुढं करून डॉक्टरांफुडं बसले, "सायेब, माजी बी तेवढी शीर बघा."

डॉक्टर हसले. मग मला म्हणाले, "मावशी, अजून संपलं नाही. चिपाडं खाऊन ह्याच्या मांड्या गळाल्यात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही क्षारांची पावडर सोसायटीतून न्या, रोज पेंडीत कालवून चारा."

"पेंड सोसायटी मोजून देती, डॉक्टर. म्या माझ्या वाट्याची सुकडी घालीन." खडी फोडायच्या कामावर आमाला खायाला सुकडीचं गोड पीठ मिळायचं, ते म्हणते म्या.

"तुम्ही काय खाणार मग?"

"त्येचं तुमी नका बघू," म्या म्हणले.

दलालानं आपलं दावं गुंडाळलं अन् वाटंला लागला. पवळ्याच्या गळ्यात कायबी न्हवतं. तरी गडी आपल्या पायानं, नीट चालत, जोडीदाराशेजारी आपल्या खुंट्याला जाऊन उभा ऱ्हायला.

आबारावांनी बगलंतलं जुनं दावं काढलं अन् त्येच्या गळ्यात घातलं. दोनदा गाठ मारली, दोनदा सुटली. जल्मभर गाठी मारलेला माणूस! शेवटी, "सरा बाजूला," म्हणून ती गाठ म्या मारली.