एकेचाळीस विहिरींचं पाणी

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे टिपणी म्हणतात. लहानपणापासून दिसेल ते टिपून ठेवायची खोड. पुढे ती प्रदूषण खात्यात निरीक्षक झाली आणि मी तेल काढणाऱ्या कंपनीत फोरमन. "एकाच घरात चोर आणि शिपाई," माझी बायको चेष्टेनं म्हणायची.

कंपनीची यंत्रं यायच्या दोन महिने आधी टिपणीनं एक उद्योग केला. सुट्टीच्या दिवशी स्कूटरवर फिरून आसपासच्या एकेचाळीस पिण्याच्या विहिरींचं पाणी तपासलं. खारटपणा किती, तेलाचा अंश आहे का, सगळं वहीत लिहिलं आणि प्रत्येक पानावर मालकाची सही नाहीतर अंगठा घेतला. वरून तसा हुकूम नव्हता.

"अजून कशात काही नाही, आणि तू पाणी कसलं मोजतेस?" मी हसलो.

"बिघडल्यावर मोजून काय कळणार, दादा? आधी कसं होतं ते नको ठाऊक?"

तेलाबरोबर जमिनीतून भरपूर पाणी येतं, समुद्राहून खारट. ते आम्ही प्लास्टिक अंथरलेल्या मोठ्या खड्ड्यात साठवायचो. तिसऱ्या वर्षी उताराकडच्या सात विहिरींचं पाणी तोंडात धरवेना, साबणाला फेस येईना. टिपणीनं कंपनीला नोटीस काढली, सुनावणी ठरली. आमचे साहेब म्हणाले, इथलं पाणी मुळातच मचूळ आहे. मग मला बोलावून हळूच म्हणाले, "बहिणीला जरा समजवा. पाण्यात राहून माशाशी वैर बरं नव्हे."

मी तिच्या ऑफिसात गेलो. दोन टेबलं, बाटल्यांचा रॅक, कुरकुरणारा पंखा. तिनं चहा मागवला. मग म्हणाली, "एकच विचारते. खड्ड्यातलं प्लास्टिक शाबूत आहे?"

गाळ उपसताना यंत्राच्या दात्यानं ते हातभर फाटलं होतं. मी साहेबांना सांगितलं, ते 'बघू' म्हणाले, आणि मी मूग गिळून बसलो होतो.

"फाटलंय."

"सुनावणीत सांगशील?"

"नोकरी जाईल माझी."

"जाईलही," ती म्हणाली. "मी तुझं नाव घेणार नाही. माझ्या वहीवर जमेल तेवढं लढेन."

ती रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

सुनावणी शाळेच्या सभागृहात झाली. कंपनीच्या तज्ज्ञानं 'मुळातच मचूळ'चा पाढा वाचला. टिपणी उठली आणि वही वाचू लागली. विहीर, तारीख, आकडा. ज्याची विहीर तो उभा राहून "हो, सही माझीच" म्हणायचा. एक आजी ओरडल्या, "अंगठा माझाच! तेव्हा मी हिला वेडी म्हणाले होते!" सभागृह हसलं.

तज्ज्ञ मात्र खमक्या होता. "पण ते खड्ड्यातूनच झिरपलं कशावरून?"

टिपणी थांबली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. मीच उठलो. फाटकी जागा खड्ड्याच्या कोणत्या कडेपासून किती पावलांवर आहे ते सांगितलं.

काम पाच महिने बंद पडलं. खात्याचा आदेश आला: खड्डा रिकामा करून बुजवा, खारं पाणी जिथून येतं त्या खोल थरात परत सोडा, सात घरांना गोडं पाणी पुरवा. खाली आणखी एक ओळ होती, माहिती देणाऱ्या कामगाराला कामावरून काढू नये. ती कुणी लिहून घेतली हे विचारायची गरज नव्हती. आता पाणी परत सोडणारा पंप मीच सांभाळतो. नव्या क्षेत्रात आधी विहिरी मोजल्याशिवाय यंत्र हलत नाही, आणि मोजणाऱ्यांना शिकवते टिपणी.

दोन वर्षांत चार विहिरी सुधारल्या. मी तिचं कौतुक करायला गेलो, तर म्हणाली, "तीन राहिल्यात ना?" त्या घरांना अजून टँकर जातो. गेल्या आठवड्यात त्यातल्या एकीचा खारटपणा थोडा उतरला. तिनं मला फोन करून तो आकडा दोनदा सांगितला.