अधिक श्रावणातले निरोप

मनस्विनी कॅनडाला गेली, तेव्हा पहिलं वर्षभर झोपण्याआधी मला रोज आवाजाचा एक निरोप पाठवायची. तिची रात्र ती माझी सकाळ. आता लेकीचं काम वाढलंय, बोलणं कधीमधीच. म्हणून त्या वर्षाचे निरोप मी संगणकावर पायथनच्या एका डिक्शनरीत भरले. नावं घातलेले डबेच म्हणा. फाइल येईल तसे वाढत जातात. डब्यांना तारखांऐवजी महिना आणि तिथी अशी नावं दिली. पूजा झाली की त्या तिथीचा निरोप ऐकायचा, मगच चहा. हळूहळू सगळे पाठ झाले. वाटायचं, विसरलेला एखादा तरी सापडावा.

परवा वाळूजला कंपनीत मोनिका माझ्या खुर्चीमागं येऊन उभी राहिली. मशीनच्या रोजच्या फाइली वाचून एकत्र करायचं काम आम्हा दोघींकडं.

"कालिंदीताई, काल सकाळपाळीत मशीनं झोपली होती का?"

"का गं?"

"आकडे नुसते रात्रपाळीचेच आहेत. मशीनचं नाव तेच, म्हणून दुसरी फाइल पहिलीवर बसली. एका नावाखाली लिस्ट ठेवा, त्यात जोडत जा. उपास करून करून डोक्याचे लई हाल करता तुम्ही!"

मी हसले, आणि हसता हसता थांबले. निरोपांच्या त्या वर्षी श्रावण अधिक होता. श्रावणातली प्रत्येक तिथी दोनदा आलेली. निज श्रावणानं अधिकातले सगळे निरोप पुसून टाकले होते.

घरी येऊन तसंच दुरुस्त केलं, फाइली पुन्हा भरल्या. सकाळी पूजा आटोपून अधिक श्रावणातला पहिला निरोप लावला.

"आई, अधिकाचं मौन आहे तुझं, माहितीय मला. पण इथं खोलीत कुणीच नाही गं. शब्द नको, नुसतं 'हं' तरी कर ना."

तेव्हा मी फक्त जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं होतं.

यंदा ज्येष्ठ अधिक आहे. घराबाहेर पडेपर्यंत याही महिन्यात माझं मौन असतं. निरांजन तेवत होतं. तिकडं ती अजून जागी असेल. मी देवाकडं पाहिलं, तिला निरोप पाठवायला फोन तोंडाशी धरला.

"हं."

लगेच तिचा फोन आला. "आई? अगं, मौन मोडलंस? काय झालं?"

"काही नाही झालं. तू बोल. मी हं म्हणते."