ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला सी

डायनिंग टेबलावर तेवीस निबंध होते. नऊ मेडिकल कॉलेजांच्या प्रवेश-अर्जांचे नऊ गठ्ठे, प्रत्येकाला स्टेपलरची एकच पिन. बावीस लिहिलेले. तेविसाव्या कागदावर वर फक्त प्रश्न होता. यतीनने तो उलटून पाहिला. मागची बाजूही कोरी होती.

"हा राहिला."

"राहिला नाही, बाबा. ऑप्शनल आहे," आश्लेषा लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाली.

"म्हणून काय झालं? आमच्याकडे 'कोणतेही पाच सोडवा' असायचं. मी सातही सोडवायचो. तपासणारा त्यातले चांगले पाच धरतो."

"आणि उरलेले दोन बायकोला वाचून दाखवतो," शरयू ओट्यापाशी गवार मोडत म्हणाली.

यतीन हसला नाही. चष्मा लावून त्याने प्रश्न वाचला. तुमचे मार्क कुठे घसरले असतील, तर इच्छा असल्यास कारण सांगा. आश्लेषाची घसरण एकच होती, ऑरगॅनिक केमिस्ट्रीतला सी ग्रेड. आणि हा प्रश्न विचारणारं, त्यांच्याच मिशिगन राज्यातलं कॉलेज तिला सगळ्यांत जास्त हवं होतं.

"ते आपणहून कारण विचारताहेत आणि तू कोरं सोडतेस? म्हणतील, पोरगी आळशी होती."

"म्हणू देत."

"का म्हणू देत? त्या वर्षी नर्सिंग होममध्ये रात्र रात्र व्हॉलंटिअरिंग केलंस. ते लिही ना. अनुभवासाठी केलं, अभ्यास मागे पडला."

शरयूचे हात थांबले. आश्लेषाने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे.

"खरं कारण लिहू?"

"मग काय खोटं लिहिणार आहेस?"

तिने खुर्ची पुढे ओढली आणि तिथेच लिहायला घेतलं. मध्ये एकदाही थांबली नाही. झाल्यावर लॅपटॉप त्याच्याकडे वळवला.

यतीन प्रत्येक ओळीखाली बोट धरून वाचत गेला. वडील काही काळ 'बिटवीन जॉब्ज' होते, असं पहिल्या ओळीत होतं. पुढे नर्सिंग होममधली रात्रपाळी, तिच्या पगारातून येणारा घरचा किराणा, आणि सकाळच्या लेक्चरला लागलेली झोप. किराण्यापाशी बोट थांबलं.

"हे व्हॉलंटिअरिंग होतं ना?"

"नव्हतं," शरयू म्हणाली. "तसं सांग म्हणून मीच तिला म्हटलं होतं. तुम्ही जाऊ दिलं नसतं."

नोकरी गेल्याचं यतीनने त्यांच्या गावात, ट्रॉयमध्ये, कुणाला कळू दिलं नव्हतं. मंडळाच्या गणपतीत तो लॅपटॉपची बॅग घेऊन बसायचा. नागपूरच्या भावालाही 'सध्या घरून काम' एवढंच सांगितलेलं.

"कोण वाचतं हे?"

"अॅडमिशन कमिटी."

"आपल्यातलं कुणी असतं त्यात?"

"असू शकतं." आश्लेषाने क्षणभर वाट पाहिली. "नको असेल तर डिलीट करते, बाबा. कोरं पाठवते. बट आय वोंट कॉल इट व्हॉलंटिअरिंग."

यतीनने लॅपटॉप जवळ ओढला. त्याला टायपिंगची सवय होती, तरी या वेळी तो एकाच बोटाने एकेक की दाबत होता. 'बिटवीन जॉब्ज' खोडून त्याने 'लेड ऑफ' लिहिलं. 'काही काळ'च्या जागी 'सात महिने'.

"आणि हे सुरुवातीला काय? 'मी नम्रपणे नमूद करू इच्छिते'?"

"पोलाइट वाटावं म्हणून."

"कारण विचारलंय त्यांनी. माफी मागायला नाही सांगितलं." त्याने तेही खोडलं आणि लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. "पाठव."

शरयूने पुढची शेंग उचलली. आश्लेषाने पाठवण्याआधी सवयीने शब्द मोजले. आधी एकशे अठरा होते. आता एकशे सात.