खिळ्यावरची टोपी

ग्रुबाखच्या रोपवेच्या तिकीटखिडकीशेजारी भिंतीत एक जाडजूड खिळा आहे. त्या खिळ्यावर कुणाची टोपी लटकत असेल, तर दिवसाचा शेवटचा पाळणा सुटत नाही. हा कंपनीचा नियम नव्हे. कंपनीला कळलं तर ती खिळा उपटून टाकेल आणि तिथे पाटी लावेल. हा गावचा नियम. डोंगरापलीकडे होखलानला संध्याकाळच्या कामाला जाणारं जे कोणी असेल, स्वयंपाकी म्हणा, वाढपी म्हणा, भांडी घासणारी म्हणा, त्याने दुपारी येऊन टोपी अडकवायची आणि आपल्या उद्योगाला लागायचं. उतारावर स्की करणारा शेवटचा पाहुणा खाली आला की यंत्रघरातला वेंडल बाहेर डोकावतो. टोपी दिसली की थांबतो. शिव्या घालतो, पण थांबतो.

थांबायलाच हवं. पाळण्याने पलीकडे जायला पाव तास पुरतो. तो चुकला की मग बस. ती आधी दरीत उतरणार, तळची गावं एकेक करून पुजणार आणि मग दुसऱ्या अंगाने डोंगर चढणार. तासाभराच्या वर सहज जातो. त्यात बर्फ सुरू झालं की देवाचं नाव घ्यावं आणि खिडकीला डोकं टेकवावं.

रोमेडची टोपी त्या खिळ्यावर वीसेक हिवाळे लटकत आली होती. हिरवी, कडेला रानबकऱ्याच्या केसांचा तुरा असलेली. रोमेड अॅकॉर्डियन वाजवायचा. दुपारी ग्रुबाखला ट्रूडीच्या बारमध्ये, अगदी रोपवेच्या पायथ्याशी, तिथे लोक स्कीचे जड बूटसुद्धा न काढता टेबलांवर चढून नाचतात. आणि सातपासून पलीकडे, होखलानच्या मोठ्या बारमध्ये. पोट चालायचं ते होखलानवर. ट्रूडीकडे मिळायचं ते गरम सूप, श्नाप्स दारूचे दोन पेले आणि ट्रूडीची बोलणी.

त्या हिवाळ्यात होखलानचा बार मार्लेन नावाच्या बाईने घेतला. इन्सब्रुकची, तिशीतली, बोलायला अगदी साखर. असल्या गोड माणसांची मला भीतीच वाटते. आपला गळा कधी कापला ते आपल्याला घरी गेल्यावर कळतं. तिने रोमेडला कॉफी पाजली आणि म्हणाली, "तुमचं वाजवणं मला फार आवडतं हो. पण पाहुणे बदललेत ना आता. शुक्रवारी सातला तुम्ही वाजवा, आठनंतर एक मुलगा येईल, तो यंत्रावर गाणी लावतो. लोक कुणाच्या गाण्यांवर जास्त नाचतात ते बघू, आणि उरलेला हिवाळा त्यालाच देऊ. फक्त वेळेवर या हं. सातला तुम्ही दिसला नाहीत, तर मी त्यालाच उभा करीन."

म्हणजे परीक्षाच. साठीला टेकलेल्या माणसाची, आणि तीही ज्याच्या गाण्यांवर त्या बारमध्ये लग्नं जुळली त्याची! रोमेडच्या अंगाचा तिळपापड झाला. पण करतो काय? दुसरं कुठलं दार उघडं होतं? मान डोलावून तो घरी आला.

शुक्रवारी दुपारी तो रोपवेवर गेला, खिळ्यावर टोपी अडकवली आणि वेंडलला सगळं सांगितलं. दोघं एका वर्गातले, एका बाकावरचे. वेंडलची बायको त्याला आणि लहानग्या फ्लोरीला सोडून गेली तेव्हा त्याच्या स्वयंपाकघरात आठवडाभर बसून राहिला होता तो रोमेडच.

"आज सातला तिथे नसलो ना वेंडल, तर मी संपलो बघ," रोमेड म्हणाला. "कोण कार्टं आहे कुणास ठाऊक. बटणं दाबायची आणि म्हणे कलाकार!"

वेंडल चिंधीने हाताचं ग्रीस पुसत होता. बराच वेळ पुसत होता. "टोपी लावलीस ना?" तो म्हणाला. "मग जा की. आजवर तुला टाकून पाळणा सोडलाय का मी कधी?"

"नाही बाबा, तसं कसं म्हणेन."

"मग कशाला डोकं खातोस."

रोमेड निर्धास्त झाला आणि ट्रूडीकडे वाजवायला बसला.

त्या दिवशी बार नुसता उसळत होता. हॉलंडहून आलेली एक टोळी होती. चाळिशीपन्नाशीची माणसं, पण शाळा सुटल्यासारखी. त्यातल्या एका उंच बाईच्या डोक्यात आलं की, वाजवणाऱ्याबरोबर फोटो हवा आणि त्याच्या डोक्यावर टिरोलची, म्हणजे ह्या आमच्या मुलखाची, टोपी हवी. "तुमची टोपी कुठे आहे?" ती म्हणाली. "टोपीशिवाय कसले हो तुम्ही टिरोलचे?"

असं म्हटल्यावर कुठला टिरोलचा माणूस गप्प बसेल? रोमेड ताडकन उठला, चार पावलांवर तर खिळा, टोपी काढली, डोक्यावर चढवली आणि परत आला. फोटो झाला. दुसरा झाला. मग त्या बाईने ती टोपी स्वतः घातली, मग तिच्या नवऱ्याने, मग ती अख्ख्या टोळीच्या डोक्यांवरून फिरली, आणि परत रोमेडच्या डोक्यावर आली तोवर लोकांनी पुढचं गाणं मागितलं होतं. आणि खरं सांगायचं तर रोमेड फुलला होता. कित्येक दिवसांत त्याच्यासाठी कुणी असं टेबल बडवलं नव्हतं. त्याला वाटलं, संध्याकाळी त्या मार्लेनला हेच दाखवायचंय, थोडा हात गरम होऊ दे.

"अरे निघ की आता!" ट्रूडी काउंटरमागून ओरडली. "पाळणा तुझ्या बापाचा आहे का?"

"थांबतो गं तो! वेंडल आहे."

"टोपी तुझ्या डोक्यावर आहे, मूर्खा!"

"इथे वाजतंय ते त्याला ऐकू येत नाही होय? बहिरा आहे का तो?" असं म्हणून रोमेडने वॉल्ट्झ धरला. शेवटचा, एवढाच एक.

रोपवेची घरघर ग्रुबाखमध्ये कुणाला ऐकू येत नाही. दिवसभर कानावर असते, त्यामुळे ती असल्याचं कळतच नाही. कळते ती थांबल्यावर. वॉल्ट्झच्या मध्यावर रोमेडच्या कानांत एकदम पोकळी झाली. त्याची बोटं आणखी दोन ओळी चालत राहिली, मग तीही थांबली. अॅकॉर्डियन छातीशी तसंच धरून तो बाहेर धावला. वर तारेवर पाळणे स्तब्ध लोंबकळत होते, आणि यंत्रघराला कुलूप होतं.

"वेंडल!" तो ओरडला. "अरे वेंडल!" दारावर लाथा घातल्या. आत दिवासुद्धा नव्हता.

ट्रूडी बाहेर आली. तिने एकदा कुलपाकडे पाहिलं, एकदा त्याच्या डोक्यावरच्या टोपीकडे, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच ती त्याला काही बोलली नाही. अॅकॉर्डियनची पेटी आणून दिली आणि बसथांब्याकडे ढकललं.

एक बस नुकतीच गेली होती. दुसरी आली तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. आत स्कीवाले एकमेकांना टेकून पेंगत होते, काचांवर वाफ धरली होती. रोमेड मागच्या बाकावर पेटी मांडीवर घेऊन बसला. मार्लेनला फोन लावला. वाजत राहिला, कुणी उचलला नाही.

गावाबाहेरच्या थांब्यावर बस थांबली आणि वेंडल चढला. न्हाऊनधुऊन, केस चापूनचोपून विंचरलेले, अंगात इस्त्रीचा शर्ट. लग्नाला निघाल्यासारखा. रोमेडला पाहून तो दारातच थबकला. मागे फिरायला जागा नव्हती, बस सुटली होती. तो येऊन शेजारी बसला.

"तू इथे?" वेंडल म्हणाला. "मला वाटलं, आधीच गेलास."

"पाळणा सोडलास."

"टोपी नव्हती, रोमेड."

"नव्हती."

बस वळणं घेत उतरत होती. वेंडल आपली लोकरीची टोपी गुडघ्यावर ठेवून तिच्या शिवणीशी खेळत होता.

"मी वाजवत होतो," रोमेड म्हणाला. "तुझ्या दारासमोर. ऐकू येत होतं ना तुला?"

शिवणीवरची बोटं थांबली. मग वेंडल म्हणाला, "येत होतं." आणि टोपीकडेच बघत, "छान वाजवत होतास."

रोमेडने त्याच्याकडे वळून पाहिलं. इस्त्रीचा शर्ट पाहिला, विंचरलेले केस पाहिले, आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "फ्लोरी," तो म्हणाला. "तो मुलगा म्हणजे तुझा फ्लोरी."

"दुपारच्या पाळण्याने गेलाय. गाण्याच्या यंत्राची खोकी मीच चढवून दिली."

फ्लोरी! ज्याची बोटं रोमेडने स्वतःच्या बोटांखाली धरून पहिली चाल शिकवली, तो फ्लोरी. रोमेडला वाटलं, उठावं आणि ह्या माणसाचं थोबाड फोडावं. पण मांडीवर पेटी होती, आणि पेटी खाली ठेवायला जागा नव्हती.

"मागितली असतीस तर दिली असती रे," तो म्हणाला. "एक संध्याकाळ. तुझ्या पोराला नाही म्हणालो असतो का मी?"

"म्हणाला असतास," वेंडल म्हणाला. "दुपारी कार्टं म्हणालास. बटणं दाबणारा म्हणालास. सुतारकाम सुटल्यापासून पोरगा खोलीत अंधार करून बसतो रोमेड, जेवायला हाक मारली तरी येत नाही. ह्या एका गोष्टीसाठी आंघोळ करून बाहेर पडला. मी तुझी टोपी काढली नाही. देवाशपथ, मी हात लावला नसता. बाहेर आलो, खिळा रिकामा दिसला. म्हटलं... म्हटलं, देवानेच दिलं."

"देवाला कशाला मध्ये ओढतोस? कळ तू दाबलीस."

"हो," वेंडल म्हणाला. "मीच दाबली."

रोमेड काचेवरची वाफ पुसू लागला. त्याला सगळ्यात जास्त चीड आली ती एका गोष्टीची. वेंडलचं खरं होतं. मागितली असती, तर त्याने संध्याकाळ दिली नसती.

होखलानला बस पोचली तेव्हा आठ वाजत आले होते. बारच्या भिंती बाहेरूनच धडधडत होत्या. आत उभं राहायला जागा नव्हती. मंचावर फ्लोरी, कानाला डबडी लावून, घामाने निथळत होता. हसत होता. त्या पोराला हसताना रोमेडने किती वर्षांत पाहिलं नव्हतं. मार्लेन गर्दीतून आली, रोमेडच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "अरेरे, काळजीतच होते मी. पण बघा ना, कसलं जमलंय! तुम्ही बसा हं आरामात, काहीतरी गरम घ्या. आपण बोलू, नक्की बोलू."

तिची नजर तोवर दाराकडे गेली होती. बोलणं काय व्हायचं ते झालं होतं.

फ्लोरीने रोमेडला पाहिलं. त्याने हात उंचावून ध्वनिवर्धकात ओरडून सांगितलं, "हे माझे गुरू! रोमेडकाका!" आणि रोमेडचंच जुनं गाणं लावलं. यंत्रावरच्या ढोलात घोळवलेलं, दुप्पट वेगाने पळणारं. अख्खा बार शब्द न शब्द म्हणत उड्या मारू लागला. पोराच्या मनात काही पाप नव्हतं. त्याला पाळण्याचं काहीच ठाऊक नव्हतं. वेंडल खांबाला टेकून उभा होता आणि ढसाढसा रडत होता. रोमेड पेटीची मूठ घट्ट धरून गाणं संपेपर्यंत उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तेव्हा त्याने टोपी काढून मान लववली. इतक्या वर्षांची सवय, ती थोडीच सुटते.

घरी जायला एकच बस होती. रोमेड थांब्यावर सिगारेट संपवून सगळ्यांच्या शेवटी चढला, तोवर बस भरली होती. मध्यावर खिडकीशी वेंडल बसला होता. शेजारची जागा त्याने राखून ठेवली होती, तिच्यावर आपली लोकरीची टोपी ठेवली होती आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होता, "माणूस आहे इथे, आमच्या गावचा आहे, येतोय तो."

रोमेड त्या बाकाशी थांबला. वेंडलने वर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर एकदम आशा आली.

रोमेडने टोपी उचलली, झटकली आणि वेंडलच्या हातात दिली. मागे एक मुलगी स्कीचे बूट सांभाळत ताटकळत उभी होती. तिला तो म्हणाला, "बस पोरी. ही जागा रिकामी आहे." आणि पेटी पायांत धरून, वरच्या दांडीला लोंबकळत, तो ग्रुबाख येईपर्यंत उभा राहिला.