दोन बोटं काच

म्हाताऱ्याच्या गाडीत ड्रायव्हरच्या बाजूच्या काचेचं बटण जळून गेलं होतं, आणि इतक्या जुन्या गाडीचं बटण बाजारात कुठंच मिळेना.

"काका, शेजारच्या सीटच्या दाराचं काढून इथं बसवतो," मेकॅनिक म्हणाला. "तिथं कोण बसतं?"

बायको गेल्यापासून म्हाताऱ्याला हे कुणी विचारलं नव्हतं.

"कोणी नाही."

"मग झालं तर! पण बटण निघालं की ती काच असेल तिथंच अडकणार. पूर्ण वर घेऊ ना?"

"दोन बोटं उघडी ठेव."

"अहो, पाणी शिरेल. सीट कुजेल!"

"कुजू दे. काच बंद असली की तिला गाडी लागते."

मेकॅनिकनं काच दोन बोटं खाली घेतली आणि बटणाच्या वायरी सोडवल्या.