लीव्ह म्हणजे रजा

वनाचं बसऱ्याहून पत्र आलं, ते इंग्रजीत. लढाईत पलटणीची खेचरं हाकायला गेलेल्या वनाला अक्षरओळख नव्हती, आणि पत्र लिहून देणाऱ्या मद्रासी कारकुनाला मराठी येत नव्हतं. वनाची आई भिकुबाई पत्र घेऊन भडगावला झुलाल मास्तरांकडे आली. मास्तरांचं इंग्रजी बेताचंच.

शेवटची ओळ होती, ‘नाऊ आय टेक लीव्ह.’ लीव्ह म्हणजे रजा, एवढं मास्तरांना पक्कं ठाऊक.

“अक्का, वना रजा घेतोय. येणार तो!”

तेव्हापासून भिकुबाई दर बाजारी गिरणा नदी ओलांडून यायची, मेथीची जुडी ठेवायची आणि तीच ओळ पुन्हा वाचून घ्यायची. मास्तरांची बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाजाराच्या दिवशी ते सकाळीच ओटा झाडून ठेवायला लागले.

हिवाळ्यात मास्तर परीक्षेच्या कामाला धुळ्याला गेले. तिथल्या शाळेत जाडजूड इंग्रजी कोश होता. त्यांनी सहज ‘लीव्ह’ काढून पाहिला. दिसायला एक, पण शब्द दोन, मुळंही दोन. एकाचा अर्थ सोडून जाणं, दुसऱ्याचा परवानगी. परवानगीवरून रजा आली; आणि निघताना परवानगी मागायची, म्हणून ‘टेक लीव्ह’ म्हणजे निरोप घेणं. कारकुनानं नुसतं पत्र संपवलं होतं.

मास्तरांनी कोश मिटून जागेवर ठेवला.

तरी दोन बाजार ते गप्प राहिले. सांगितलं तर ती कशाला येईल? तिसऱ्या बाजारी भिकुबाई म्हणाली, “मास्तर, त्यानासाठे गोधडी शिवी ठेवेल शे.” मग मात्र त्यांना राहवलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं.

“मंग तो येस, आसं त्यानी लिखेलच नही?”

“नाही, अक्का.”

“तुमले कव्हय समजनं?”

“तीन आठवडे झाले.”

तिनं पत्राची घडी घालून कनवटीला लावली आणि उठून गेली. मेथी तशीच ओट्यावर राहिली.

पुढचे दोन बाजार ती फिरकली नाही. मास्तरांनी शेवटी दौत-टाक घेतला आणि नदी उतरून तिच्या गावी गेले. ती दारात कापूस निवडत बसली होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

“पत्राचं उत्तर लिहायचं राहिलं,” मास्तर म्हणाले. “आपल्या बोलीत लिहितो. कोणीतरी वाचून दाखवेल त्याला.”

बराच वेळ तिचे हात चालत राहिले. मग ती म्हणाली, “लिखा. माय बरी शे. रजा भेटनी ते ये.”

मास्तरांनी लिहिलं, वाचून दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी पेटीत टाकलं. उन्हाळा लागला तरी उत्तर आलं नव्हतं. भिकुबाई मात्र पुन्हा बाजारी येऊ लागली होती. दोघं ओट्यावर बसत. पत्र काही ती बाहेर काढत नसे.