पट्टीखालच्या चार ओळी

नानांच्या त्या नाटकाला लोक रडायचे. तीस वर्षं रडत होते, आणि तेही पदरच्या पैशाने तिकीट काढून. गोष्ट अशी: एक दारुडा बायकोला गुरासारखा मारतो, बायको पोरीला टाकून निघून जाते, मग तो दारू सोडतो, पोरीला वाढवतो आणि जुनं आयुष्य झटकून नवा माणूस होतो. मार खायचा बायकोने आणि हुंदके मात्र नवऱ्यासाठी! नाटक नानांनीच लिहिलेलं, नवऱ्याचं कामही नानांचंच, आणि ही त्यांची स्वतःची गोष्ट आहे हे सगळ्यांना ठाऊक. स्वतःचं पाप चव्हाट्यावर मांडणारा धीराचा माणूस म्हणून त्यांचा सत्कारही झाला होता. दोनदा.

त्या गोष्टीतली पोर आता त्रेचाळीस वर्षांची होती आणि विंगेत स्टुलावर बसून नानांना वाक्यं पुरवत होती. मंडळीत सगळे तिला ताई म्हणत. लग्न केलं नाही. नानांना कोण बघणार? ज्या बापाने एकट्याने वाढवलं त्याला सोडायचं म्हणजे आईसारखंच व्हायचं, आणि आईसारखं तिला मेलं तरी व्हायचं नव्हतं.

पंचाहत्तरी गाठली तरी नाना मिशीला काळं फासून चाळिशीतला नवरा करायचे. पाठांतराच्या नावाने बोंब होती. शेवटचं स्वगत तर अख्खं ताईच्या तोंडून त्यांच्या तोंडात जायचं. अडले की ते कानाची पाळी ओढत, ताई हळूच वाक्य सोडी, नाना ते झेलत. "विंगेतून आलेलं वाक्य औषधासारखं," ते नव्या नटांना बजावत. "वास घेत बसायचं नाही. गिळायचं."

त्या दिवशी चारचा प्रयोग होता. ताई सकाळीच थिएटरात येऊन नाटकाची वही तपासत बसली. वही नानांच्या हातची, पहिल्या प्रयोगापासूनची. मजकूर बदलला की खोडायचं नाही, वर खळीने कागदाची पट्टी डकवायची, ही मंडळीची रीत. शेवटच्या पानावरच्या पट्टीची खळ झुरळांनी खाल्ली होती. बोट लागलं आणि पट्टी हातात आली.

पट्टीवर होतं ते तिला झोपेतही येत होतं: "ती गेली. पोटच्या पोरीला टाकून गेली. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही."

पट्टीखाली, त्याच अक्षरात, चार ओळी होत्या. "पोरीला मी आतल्या खोलीत कोंडलं. कडी मी लावली. बायको तीन दिवस दाराबाहेर बसून होती. चौथ्या दिवशी चोर म्हणून मी तिला हाकललं."

ताईने ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं हलायला लागली.

ती रात्री खोलीचं दार कधीच लावत नसे. न्हाणीघराचंसुद्धा अर्धं उघडं. "ताईंकडे चोराला दार ढकलायचेही कष्ट नाहीत," असं पडदेवाला चिडवायचा आणि तीही हसायची. का लावत नाही, ते तिलाच माहीत नव्हतं. आता माहीत झालं. आणि एकोणीस वर्षांची असताना निरोप आला होता, आई परगावच्या दवाखान्यात आहे, पोरीला एकदा बघायचंय म्हणते. नानांनीच तो निरोप मोठ्या मनाने दिला होता. "जायचं तर जा, बाळ. मी अडवणार नाही." ती गेली नव्हती. जिने टाकलं तिला कशाला बघायचं, असं तोंड वर करून म्हणाली होती.

महिन्याने आई वारल्याचं कळलं. तेव्हाही गेली नव्हती.

दुपारी ती रंगपटात गेली. नाना आरशासमोर मिशी रंगवत होते.

"नाना, कडी कोणी लावली होती?"

"कसली कडी?"

"आई गेली तेव्हा. आतल्या खोलीची."

हात क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. "प्रयोगाच्या दिवशी हे काय काढलंस? टाकून गेली ती. नाटक पाठ आहे ना तुला?"

नानांनी ते एकदा, फक्त एकदा, स्वतःच्या तोंडाने म्हणावं. तिला दुसरं काही नको होतं.

प्रयोग रंगला. शेवटच्या स्वगताला नाना पुढे आले, दोन वाक्यं बोलले आणि अडले. कानाची पाळी ओढली. विंगेत पत्र्याच्या टोपीखालच्या दिव्याच्या उजेडात ताई वहीकडे बघत बसली. त्यांनी पुन्हा ओढली. पडदेवाल्याने तिच्याकडे डोळे वटारले.

"पोरीला मी आतल्या खोलीत कोंडलं," ताई म्हणाली.

"पोरीला मी आतल्या खोलीत कोंडलं!" नानांचा आवाज थेट मागच्या रांगेपर्यंत गेला.

"कडी मी लावली."

"कडी... मी लावली!"

तिने तिसरं वाक्य दिलं, चौथं दिलं. नानांनी गिळलं, वास न घेता. चौथ्याला तर त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ताई स्टुलावरून उठली. तिला वाटलं, आता. आता ते विंगेकडे बघतील.

नानांनी प्रेक्षकांकडे बघून हात जोडले. लोक उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर नाना रुमालाने मान पुसत आले. "काय जमून आलं आज! कुठून काढलंस ते कडीचं? माझंच होतं की, विसरलोच होतो. राहू दे ते. पट्टी फाडून टाक."

"नाना, ते खरं आहे ना?"

"खरं वाटलं म्हणून तर उभे राहिले लोक! जा, चहा सांग."

ताईने चहा सांगितला. वही स्टुलावर ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशीच्या प्रयोगात नाना त्याच जागी अडले. पडदेवाल्याने पुढे सगळ्यांना सांगितलं, म्हातारा कानाची पाळी ओढत उभा होता, लाल होईपर्यंत. विंगेत दिवा होता, वही होती. लोकांना आधी तो अभिनयच वाटला. मग कोणीतरी शिटी मारली.

त्याच वेळी ताई परगावच्या त्या दवाखान्यात खिडकीपाशी उभी होती. आतल्या कारकुनाने नाव, साल ऐकलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"चोवीस वर्षांपूर्वीचे कागद? बाई, ते कधीच रद्दीत गेले. तुम्ही कोण त्यांच्या?"

"मुलगी."

"मुलगी!" तो हसला. "मग इतकी वर्षं कुठे होतात?"

"कोंडलेली होते," ताई म्हणाली. "कडी बाहेरून होती."

कारकुनाने तिच्याकडे नीट बघितलं, मग तिच्या खांद्यावरून मागे.

"हं. पुढे कोण आहे?"